छपरावरचा तांब्याचा घोडा: जुना वातकुक्कुट ओळखायचा कसा आणि किंमत धरायची किती

शाळेच्या भूगोलात वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या उपकरणाला वातकुक्कुट म्हणतात असं पाठ केलं होतं. पुस्तकातल्या चित्रात बाणावर कोंबडा उभा होता. पुण्यात तो कुठल्याही छपरावर दिसला नाही, त्यामुळे परीक्षेनंतर विसरूनही गेलो. गोव्यात जुन्या घरांच्या कौलांवर मातीचा कोंबडा बसलेला दिसतो, पण तो बिचारा जागचा हलत नाही. पुढे नोकरीनिमित्त मॅसॅच्युसेट्समध्ये आलो आणि इथल्या चर्चच्या मनोऱ्यांवर, तबेल्यांवर, गोठ्यांवर कोंबडेच काय, घोडे, गाई, मासे, टोळ वाऱ्याबरोबर फिरताना पाहिले. इथे त्यांना वेदरव्हेन म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या तांब्याच्या वेदरव्हेनला आज शिल्पाची किंमत येते. आणि जिथे किंमत येते तिथे नकलाही येतात.

अमेरिकेतल्या ज्या मराठी मंडळींना जुन्या बाजारात हिंडायची आवड आहे आणि तांब्याचा हिरवट घोडा दिसला की पाकिटाकडे हात जातो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझा हात एकदा गेला होता. त्याचं पुढे सांगतो.

आधी वस्तू कशी बनायची ते डोक्यात बसवा

खरं-खोटं ओळखण्याच्या बहुतेक युक्त्या बनवण्याच्या पद्धतीतून निघतात, म्हणून इथे घाई करू नका.

अठराव्या शतकात हे काम एकेका कारागिराचं होतं. बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलवरचा सोनेरी टोळ शेम ड्राउन या तांबटाने 1742 मध्ये घडवला. तांब्याचं अंग, वर सोन्याचा वर्ख, डोळे काचेचे. तो आजही तिथे फिरतो आहे. अशी एकट्याने घडवलेली वस्तू तुमच्या-माझ्या हाती लागणार नाही, तेव्हा तिचा नाद सोडा.

आपल्याला बाजारात भेटतो तो कारखान्यातला माल. 1850 च्या आसपास हा धंदा बदलला. बॉस्टनजवळच्या वॉल्थम गावात ए. एल. ज्युएल यांनी 1852 मध्ये साच्यातून वेदरव्हेन काढायला सुरुवात केली. 1867 मध्ये कामावर असताना उंचावरून पडून त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांचा धंदा कुशिंग आणि व्हाइट या दोघांनी विकत घेतला. पुढे तोच कारखाना एल. डब्ल्यू. कुशिंग अँड सन्स या नावाने चालला. वेस्ट ब्रिजवॉटरचे जे. हॉवर्ड, बॉस्टनचे हॅरिस, न्यूयॉर्कचे जे. डब्ल्यू. फिस्क, ई. जी. वॉशबर्न आणि जे. एल. मॉट ही बाकीची मोठी नावं. कॅटलॉग छापायचे, त्यातून नग निवडायचा, ऑर्डर पाठवायची, आणि रेल्वेने पेटी घरी यायची.

घडवण्याची रीत अशी. आधी लाकडात घोडा कोरायचा. त्यावरून बिडाचे साचे ओतायचे, डाव्या अंगाचे वेगळे, उजव्या अंगाचे वेगळे. साच्यात तांब्याचा पत्रा ठेवून आतल्या बाजूने ठोकत ठोकत तो साच्याच्या प्रत्येक खाचेत बसवायचा. मग दोन्ही अर्धी अंगं कापून, कडेला कड जुळवून, डाख लावून जोडायची. कान, शिंगं, कधी शेपूट वेगळी करून जोडायची. काही कारखाने डोकं जस्ताचं ओतून घेत. हॉवर्डचे घोडे तर पुढच्या भागात जस्ताचे आणि मागे तांब्याच्या पत्र्याचे असतात. शेवटी पिवळा हात देऊन त्यावर सोन्याचा वर्ख.

तांबट आळीत ज्यांनी वेळ घालवला आहे त्यांना एक गोष्ट चटकन कळेल. आपला हंडा किंवा बंब बाहेरून ठोकलेला असतो, मठारकामाचे ते सुंदर खळगे बाहेरच दिसतात. वेदरव्हेनचं उलट आहे. हातोडा आतून चालला, बाहेर साचा होता. म्हणून ठोक्यांच्या खुणा पोटात, आणि बाहेरचं अंग गुळगुळीत, त्यावर आयाळीच्या रेघा नि स्नायूंचे उंचवटे ठसठशीत. अंगभर बाहेरून सारखे खळगे पाडलेला ‘हातकामाचा’ घोडा कुणी दाखवला तर तो हातकामाचा असेलही, पण त्या कारखान्यांतला असण्याची शक्यता फार थोडी.

पहिली पायरी: हात लावण्याआधी लांबून बघा

वस्तू तीस-चाळीस फुटांवरून, तेही खालून बघण्यासाठी केलेली आहे. म्हणून आधी दहा पावलं मागे जा आणि डोळे बारीक करून तिची नुसती बाह्यरेषा बघा. चांगल्या वेदरव्हेनची ओळख डोळे-नाक न दिसताही पटते. संग्राहक ज्याला पैसे देतात ती ही रेषा.

घोडे सर्वांत जास्त सापडतात, कारण त्या काळात दुडक्या चालीच्या शर्यतींचं अमेरिकेत वेड होतं. ब्लॅक हॉक, त्याचा मुलगा इथन ॲलन, डेक्स्टर, स्मगलर हे घोडे घरोघर माहीत होते आणि कॅटलॉगमध्ये त्यांच्याच नावांनी नग विकले जात. धावणारा सडपातळ घोडा दिसला की विक्रेता ‘इथन ॲलन’ म्हणतोच. नावावर जाऊ नका, जुन्या कॅटलॉगमधल्या चित्राशी पायांची ठेवण ताडून बघा. अनेक जुने कॅटलॉग पुन्हा छापलेले आहेत आणि संग्रहालयांनी ऑनलाइनही ठेवले आहेत.

घोड्यांनंतर कोंबडे आणि गाई. डुकरं, मेंढ्या कमी. रेल्वे इंजिन, आगीचा बंब, जलपरी, स्वातंत्र्यदेवता, धनुर्धारी इंडियन (अमेरिकेचा मूळ रहिवासी) हे दुर्मीळ. दुर्मीळ आकार कमी पैशात मिळतोय असं वाटलं, तर खूश होण्याआधी शंका घ्या.

दुसरी पायरी: वाऱ्यावर फिरते का?

ही माझी आवडती कसोटी, कारण ती बहुतेक नवखे लोक करतच नाहीत.

वातकुक्कुट फिरण्यामागचं तत्त्व सोपं आहे. आसाच्या दोन्ही बाजूंचं वजन साधारण सारखं हवं, नाहीतर अंगातली नळी (छपरावरच्या सळईवर बसते ती) एका बाजूला घासून अडकते. पण वारा अडवणारं क्षेत्रफळ मात्र मागच्या बाजूला जास्त हवं. तेव्हाच शेपूट वाऱ्याबरोबर ढकलली जाते आणि तोंड वारा येतो त्या दिशेला वळतं. म्हणून आस नेहमी मधोमध नसतो, पुढे सरकलेला असतो, आणि वजन जुळवायला कधीकधी डोक्यात शिसं भरलेलं असतं.

दुकानाच्या शोभेसाठी केलेल्या नकलांमध्ये नळी बरेचदा बरोब्बर मध्यावर असते. कुणी ती कधी छपरावर चढवणारच नव्हतं, मग फिरण्याची काळजी कशाला? विक्रेत्याची परवानगी घेऊन नग एखाद्या सळईवर ठेवा आणि हलका वारा घाला.

मग नळीच्या आत टॉर्च मारा. खऱ्या जुन्या नगात लोखंडी सळईचं टोक वर्षानुवर्षं घासून वरच्या आतल्या बाजूला खळगा पडलेला असतो, नळीचं तोंड किंचित लंबगोल झालेलं असतं. फिरलेली वस्तू झिजते. शंभर वर्षं छपरावर होती म्हणता आणि नळी आतून गोल, गुळगुळीत, चकचकीत? मग ती छपरावर झोपली होती म्हणायचं.

तिसरी पायरी: अंगाचा थर वाचा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण किंमतीचा मोठा हिस्सा याच थरात आहे.

तांबं उघड्यावर ठेवलं की आधी तपकिरी होतं. तो तांब्याचा ऑक्साइड. मग हळूहळू हिरवं जंगाल चढतं. शहराच्या हवेत ते प्रामुख्याने सल्फेटचं असतं, समुद्रकाठी क्लोराइडचं. हे काम महिन्यांचं नाही. हवामानानुसार दहा-वीस वर्षं सहज जातात. असं सावकाश चढलेलं जंगाल धातूला घट्ट धरून असतं. नकली हिरवा रंग आम्ल-क्षार फासून आठवड्यात आणतात. तो पावडरीसारखा असतो, किंवा रंगासारखा सपाट असतो, आणि खाचेत नि उंचवट्यावर सारखाच दिसतो.

आता विचार करा. हा घोडा छपरावर उभा होता. पाऊस वरून पडतो, आणि तोंड वाऱ्याकडे असल्यामुळे पुढून मारतो. मग पाठ, कपाळ, छाती, मानेची वरची कड इथला सोन्याचा वर्ख आधी जाणार. पोटाखाली, मांड्यांच्या मध्ये, आयाळीच्या खाचांत, कानामागे तो टिकणार. खऱ्या नगात नेमकं असंच दिसतं. पाठीवर तपकिरी-हिरवं, पोटाखाली सोनं, आणि दोघांच्या सीमेवर वर्खाखालचा पिवळा हात डोकावतो. भिंगातून बघितलं तर तांबं, पिवळा थर, सोनं असे पापुद्रे एकावर एक दिसतात.

नकल करणारा घाईत उलटं करून बसतो. सोनं उंच भागांवर ‘शोभेसाठी’ फासलेलं, खाचांमध्ये हिरवं-काळं. बघायला छान, पण पावसाचा हिशोब त्यात बसत नाही.

तीन छोट्या चाचण्या करता येतात. साध्या पाण्यात किंचित भिजवलेला पांढरा कापूस पोटाखाली, न दिसणाऱ्या जागी हलकेच फिरवा. कापसावर थोडी धूळ आली तर ठीक, हिरवा रंग उतरला तर परत ठेवा. दुसरी, अंधारात अतिनील टॉर्च. नवे राळयुक्त चिकट पदार्थ आणि बरेच आधुनिक रंग त्यात वेगळे चमकतात, त्यामुळे नव्या दुरुस्त्या उघड्या पडतात. तिसरी, लोहचुंबक. तांबं किंवा जस्त त्याला धरत नाही. लोखंडी सळई आतून धरेल आणि ते चालतं, पण अंगालाच चुंबक चिकटला तर तुमच्यासमोर तांब्याचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा आहे.

सोन्याऐवजी सोनेरी रंग मारलेले जुने नगही खूप मिळतात. गोठ्याच्या मालकाने कधीतरी स्वतःच ब्रशने रंगवलेला असतो. असा रंग काळवंडून तपकिरी होतो, सोनं काळवंडत नाही. रंगवलेला नग खोटा नव्हे. त्याची किंमत कमी, इतकंच.

चौथी पायरी: गोळीची भोकं

न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांतल्या, पोरांना छपरावरचा घोडा म्हणजे आयतं निशाण वाटायचं. म्हणून खऱ्या जुन्या नगांवर गोळीची भोकं बरेचदा असतात, आणि विक्रेते ती ‘खरेपणाचा दाखला’ म्हणून अभिमानाने दाखवतात. म्हणूनच नकलाकार भोकंही पाडतात.

गोळी आत जाते तिथे कडा आत वळतात, पलीकडून बाहेर पडते तिथे बाहेर फाटतात. भोकाची कडही बाकीच्या अंगाइतकीच काळी-हिरवी झालेली हवी. बहुतेक गोळ्या खालून वर आलेल्या असतात, कारण नेमबाज जमिनीवर उभा असतो. सरळ आडवी, दोन्ही बाजूंना बरोबर समोरासमोर, गोल, आणि कडेला गुलाबी ताजं तांबं चमकतंय, तर ते ड्रिलचं काम आहे.

माझ्या पहिल्या घोड्याला अशी तीन भोकं होती. न्यू हॅम्पशायरमधल्या रस्त्याकडेच्या एका दुकानात मी तो सहाशे डॉलरना घेतला आणि गाडीत पट्टा लावून पुढच्या सीटवर बसवून घरी आणला. विक्रेता म्हणाला होता, गृहयुद्धानंतरचा आहे. रात्री भिंगातून बघितलं तर तिन्ही भोकं एकाच मापाची, एका रेषेत आणि कडांना नवी कोरी लकाकी. कापूस फिरवला तर हिरवा झाला. एखादा नेमबाज तीनही गोळ्या जमिनीला समांतर कशा मारेल, हा प्रश्न मला दुकानात पडला नव्हता.

पाचवी पायरी: सांधे, कान, शेपूट

जुना डाख शिसे-कथलाचा असतो आणि काळानुसार मळकट करडा होतो. नवा डाख चांदीसारखा उजळ दिसतो, किंवा त्यावर रंग मारून झाकलेला असतो. पाठीच्या कण्यावरून पोटापर्यंत बोट न टेकवता नजर फिरवा. सांधा एकसारखा जुना आहे की कुठे नवा तुकडा बसवला आहे?

कान, शिंगं, शेपटीचं टोक आणि पाय या जागा आधी मोडतात. एखादा कान बदललेला असणं हा काही मोठा गुन्हा नव्हे. पाय नवे असतील तर किंमत बरीच उतरते, आणि डोकं बदललेलं असेल तर ती वस्तू मी घेत नाही. बाणासह, सळईवरच्या शोभेच्या गोलांसह आणि चारही दिशांच्या अक्षरांसह अखंड संच मिळाला तर छान, पण ही अक्षरं बहुतेकदा नंतर जोडलेली असतात. एका नगाच्या घोड्याखाली दुसऱ्याची अक्षरं, हे ‘लग्न’ बाजारात नेहमी लागतं.

सहावी पायरी: शिक्का आणि साचा यांवर विसंबू नका

कुशिंग आणि व्हाइट यांच्या काही नगांवर पितळेची छोटी लंबगोल पट्टी असते. हॅरिस, फिस्क यांचेही शिक्के सापडतात. पण बहुतेक नगांवर काहीच नसतं, आणि पट्टी डाखून लावणं हे दहा मिनिटांचं काम आहे. पट्टीवरचा थर आजूबाजूच्या थराशी जुळतो का ते बघा. नगाचं बाकीचं अंग खरं बोलत नसेल तर पट्टीचं ऐकू नका.

साच्याची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे. कुशिंगचे बिडाचे साचे कारखाना संपल्यावर नष्ट झाले नाहीत, विसाव्या शतकात त्यांतून नवे नग काढले गेले. वॉशबर्नच्या साच्यांचंही तसंच. म्हणजे आकार शंभर टक्के अस्सल आणि वस्तू मात्र तुमच्या वडिलांच्या वयाची, असं होऊ शकतं. तिथे निर्णय पुन्हा त्या थरावर, झिजलेल्या नळीवर आणि सांध्यांवर येतो.

याउलट जुन्या नगावरूनच ठसा घेऊन केलेल्या नकला आकारातच पकडता येतात. नाकपुडी, खुरांच्या कडा, आयाळीच्या रेघा बोथट झालेल्या असतात, फोटोकॉपीची फोटोकॉपी काढल्यासारख्या.

सातवी पायरी: आला कुठून?

जुना फोटो, ज्यात गोठ्यावर तोच घोडा दिसतोय, हा सोन्याहून चांगला पुरावा. फोटोतला शेपटीचा बाक, वाकलेला पाय, भोकाची जागा हातातल्या नगाशी जुळवा. टाइप केलेलं ‘प्रमाणपत्र’ मी वाचतसुद्धा नाही.

चोरीचाही विचार करा. 1970-80 च्या दशकांत किमती चढल्या तसे न्यू इंग्लंडमधल्या छपरांवरून नग गायब होऊ लागले. हेलिकॉप्टरने उचलून नेल्याच्या बातम्याही तेव्हा गाजल्या. फॅन्युइल हॉलचा टोळसुद्धा 1974 मध्ये नाहीसा झाला होता. शोधाशोध झाली आणि तो त्याच इमारतीच्या घुमटीत, जुन्या झेंड्यांखाली दडवलेला सापडला. म्हणून महाग नग घेताना विक्रेत्याचं नाव-पत्ता असलेली पावती घ्या, आणि चोरीच्या कलावस्तूंची नोंद ठेवणाऱ्या आर्ट लॉस रजिस्टरमध्ये तपास करायला सांगा. जो विक्रेता यावर चिडतो त्याच्याकडून काही घेऊ नका.

आता किंमत

सुरुवातीलाच डोकं ठिकाणावर राहावं म्हणून दोन टोकं सांगतो. ऑक्टोबर 2006 मध्ये सोदबीजच्या लिलावात मॉट कारखान्याचा इंडियन सरदाराच्या आकाराचा वेदरव्हेन 58 लाख 40 हजार डॉलरना गेला. आणि दुकानात तांब्याचा नवा कोरा घोडा काही शे डॉलरना मिळतो. तुमच्या हातातला नग या दोहोंच्या मध्ये, आणि खूपच खालच्या टोकाजवळ आहे.

ढोबळमानाने सांगायचं तर एकोणिसाव्या शतकातला साधा धावता घोडा, कोंबडा किंवा गाय, ठीकठाक थर आणि एखादी दुरुस्ती असेल तर काही हजार डॉलर. तोच नग मूळ वर्खासह, अखंड, मोठ्या आकारात असेल तर दहा हजारांच्या पुढे. दुर्मीळ आकारांचे नियम वेगळे, तिथे नवख्याने बोली लावू नये.

किंमत काढायची माझी पद्धत अशी. त्याच कारखान्याचे, त्याच आकाराचे, जवळपास त्याच मापाचे किमान चार-पाच नग आधीच्या लिलावांत कितीला गेले ते शोधा. मागितलेली किंमत नव्हे, मिळालेली. वेबसाइटवर कुणी वीस हजार लिहून ठेवलं असेल, पण विकला गेला का? मग आपल्या नगाची त्यांच्याशी तुलना करा. पुन्हा वर्ख चढवला असेल तर बरीच कपात, पाय बदलले असतील तर आणखी. उलट मूळ थर उत्तम असेल तर वरच्या टोकाला जा. सगळ्यांत महाग चूक म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र धरणं: रेकॉर्ड किमतीच्या नगाशी तुलना आणि आपल्या नगाच्या दोषांकडे काणाडोळा.

लिलावात घ्यायचा असेल तर हातोडा पडतो तो आकडा म्हणजे तुमचा खर्च नव्हे. समजा 4,000 डॉलरला बोली संपली आणि लिलावगृहाचा खरेदीदाराकडून घेण्याचा प्रीमियम 25 टक्के आहे, तर झाले 5,000. मॅसॅच्युसेट्सचा 6.25 टक्के विक्रीकर धरला तर 5,312 डॉलर 50 सेंट. वर पॅकिंग आणि वाहतूक. हा सगळा हिशोब उलटा करून आपली शेवटची बोली घरीच कागदावर लिहा आणि तो कागद खिशात ठेवा. लिलावाच्या खोलीत माणूस मराठी लग्नातल्या पंगतीसारखा होतो, आग्रहाला बळी पडतो.

विकत घेण्याआधी निदान एक वर्ष नुसतं बघा. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफिल्ड गावात मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये जुन्या वस्तूंचा प्रचंड बाजार भरतो. तिथे खरे आणि खोटे शेजारी-शेजारी मांडलेले दिसतात, आणि डोळा तयार व्हायला त्याहून स्वस्त शाळा नाही. खरा थर बघण्यासाठी व्हरमाँटमधलं शेल्बर्न म्युझियम आणि न्यूयॉर्कचं अमेरिकन फोक आर्ट म्युझियम. कुठला नग कधी मांडलेला असतो ते आधी विचारून जा. आणि लिलावाआधीच्या प्रदर्शनात कुणीही जाऊ शकतं, नग हातात घेऊन पोटाखालून बघू देतात. मी तिथेच सर्वांत जास्त शिकलो.

घरी आणल्यावर: चिंच लांब ठेवा

आपल्या हाडात बसलेली सवय म्हणजे तांबं दिसलं की घासायचं. चिंच, मीठ, लिंबू, पितांबरी, काही नसेल तर राख. देवघरातल्या तांब्याला ते शोभतं. जुन्या वेदरव्हेनवर मात्र पाच मिनिटांची घासणी म्हणजे शंभर वर्षांचा थर मोरीत आणि किंमतीचा बराचसा भाग त्याच्यामागोमाग. नग धुऊ नका, पॉलिश करू नका, तेल लावू नका, तज्ज्ञाला विचारल्याशिवाय मेणही नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस्स.

उचलताना शेपटीला किंवा कानाला धरू नका, दोन्ही हात पोटाखाली घाला. डाखात शिसं असतं, जुन्या रंगातही असू शकतं, म्हणून हातमोजे वापरा आणि नंतर हात धुवा. लहान मुलांच्या हाती देऊ नका. आणि एकदा घरात आलेला जुना नग पुन्हा छपरावर चढवू नका. भक्कम स्टँडवर, खिडकीपासून थोडा लांब ठेवला की झालं.

माझा सहाशे डॉलरचा घोडा काही दिवस गॅरेजमध्ये तोंड लपवून पडला होता. उन्हाळ्यात आई आली. तिने त्याला बघितलं आणि पहिला प्रश्न केला, “अरे, किती काळवंडलाय हा! चिंच आहे का घरात?” या घोड्याला ती परवानगी देण्यात काही तोटा नव्हता. तासाभरात हिरवा रंग पाण्याबरोबर वाहून गेला आणि आतून बंबासारखं लख्ख गुलाबी तांबं निघालं. मी त्याची नळी मधून काढून पुढच्या पायांजवळ डाखून घेतली आणि त्याला गॅरेजच्या छपरावर चढवला. आता तो बरोबर फिरतो. पाच पावसाळे आणि पाच हिवाळे झाले, पाठ चांगली तपकिरी झाली आहे. हिरवं अजून कुठेच नाही.